शब्द पाठ झाले, उतारा राहिला

२०२४ सालच्या ऑगस्टमधील ती संध्याकाळ. नेहमीप्रमाणे लोकलने कल्याणला उतरून, स्टेशनबाहेर अर्धा किलो भेंडी घेऊन आम्ही घरी आलो, तर घरात दिवा लागलेला नव्हता. थोरली मुलगी खिडकीपाशी बसली होती. मोबाईल मांडीवर पालथा घातलेला. तिची आई दारातच हळू आवाजात म्हणाली, "निकाल आलाय. आधी काही बोलू नका."

हा निकाल आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेचा होता. परदेशात शिकायला जाणाऱ्या मुलामुलींना ती द्यावी लागते. आमची थोरली बी.एस्सी. झालेली, दिवसा मुंबईत एका प्रयोगशाळेत नोकरी करणारी. सार्वजनिक आरोग्य या विषयात इंग्लंडमध्ये जाऊन एम.एस्सी. करावे, अशी तिची इच्छा. आमच्यासारख्या कारकुनाच्या पगारात ते बसणारे नाही. पण राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, तिचा आधार धरून आम्ही हे स्वप्न पाहिले. शिष्यवृत्तीसाठी विद्यापीठाचे प्रवेशपत्र हवे, आणि प्रवेशपत्रासाठी या परीक्षेचे गुण हवेत. म्हणजे साखळीची पहिली कडी हीच.

तिला ऐकण्यात साडेसहा, बोलण्यात सात, लिहिण्यात सहा आणि वाचनात साडेपाच गुण मिळाले. एकूण साडेसहा भरले. विद्यापीठाला एकूण साडेसहाच हवे होते. पण कोणत्याही एका भागात सहाच्या खाली नको, अशी अट होती. वाचनाने घात केला. परीक्षेची फी पंधरा हजारांच्या वर. ती आम्ही पतपेढीतून उचल घेऊन भरली होती.

वाचकहो, पैशाचे दुःख होतेच. पण खरे दुःख निराळे होते. वाचनाची तयारी आम्ही स्वतः करून घेतली होती. सहा महिने रोज रात्री वीस शब्द, असे तीन हजारांच्या वर शब्द आम्ही तिच्याकडून पाठ करून घेतले होते. दोनशे पानी वह्या तीन भरल्या. शब्द विचारला की अर्थ फटकन बाहेर. आणि त्या संध्याकाळी बऱ्याच वेळाने ती एवढेच बोलली, "पप्पा, शब्द येत होते. उतारा कळत नव्हता."

हे वाक्य आमच्या मनाला फार लागले. त्यातून आम्ही जे शिकलो ते आपल्या समाजातील आईवडिलांपुढे ठेवावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

आम्ही स्वतः इंग्रजी कसे शिकलो ते आधी सांगायला हवे. आमच्या वेळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून सुरू होई. आमचे वडील रेल्वेत खलाशी. त्यांना इंग्रजीचे एक अक्षर येत नव्हते. पण मुलाला आले पाहिजे ही जिद्द होती. त्यांनी रद्दीवाल्याकडून एक कव्हर फाटलेला खिशातला शब्दकोश आणला आणि रोज पाच शब्द खडूने भिंतीवर लिहायला लावले. आम्ही जेवताना ते शब्द म्हणायचे, वडिलांनी मान डोलवायची. शब्द बरोबर की चूक हे त्यांना कळत नसे. आवाज मोठा आहे की नाही, एवढे ते पाहत. त्या पाच-पाच शब्दांवर आम्ही दहावी काढली, सकाळच्या कॉलेजात बी.कॉम. झालो, कारकुनाची परीक्षा दिली आणि नोकरीला लागलो. तेव्हा शब्द पाठ करणे म्हणजेच इंग्रजी येणे, अशी आमची पक्की समजूत होती. ज्या शिडीने आपण वर चढलो तीच शिडी मुलीला दिली. पण तिला आमच्यापेक्षा उंच माडीवर जायचे होते, हे आमच्या ध्यानात आले नाही.

निकालानंतरच्या रविवारी आम्ही पहिल्यांदा ती प्रश्नपत्रिका नीट पाहिली. हे काम खरे तर आधी करायला हवे होते. वाचनाच्या पेपरात तीन लांबलचक उतारे असतात. तिन्ही मिळून सुमारे २१५० ते २७५० शब्द. त्यावर ४० प्रश्न आणि वेळ ६० मिनिटे. उत्तरे उतरवायला वेगळा वेळ मिळत नाही. उतारे पुस्तके, मासिके, नियतकालिके, वर्तमानपत्रे यांतून घेतलेले असतात. विषय कोणताही असू शकतो. त्या विषयाची आधी माहिती असावी अशी अपेक्षा नसते. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. पण उत्तरातले स्पेलिंग चुकले तर गुण जातो, आणि दोनच शब्दांत उत्तर द्या म्हटले असताना तीन लिहिले तरी गुण जातो. ४० पैकी साधारण २३ बरोबर आले की सहा, ३० आले की सात, असा हिशेब असतो.

एका शब्दाचा अर्थ सांगा, असा प्रश्न त्यात कुठेच नाही! आम्ही सहा महिने ज्याची तयारी केली, तो प्रश्न पेपरात नव्हताच. उलट, उताऱ्यात एक शब्द असतो आणि प्रश्नात तोच विचार दुसऱ्या शब्दांत घातलेला असतो. उताऱ्यात 'पाऊस अपुरा पडला' असेल तर प्रश्नात 'पाण्याची टंचाई' असते. दोन्ही एकच आहेत, हे ज्याला ओळखता येते त्याला गुण.

मग आम्ही तिला एक उतारा मोठ्याने वाचायला सांगितला आणि जिथे अडेल तिथे पेन्सिलने खूण करायला सांगितली. आम्हाला वाटले होते, अवघड लांब शब्दांवर खुणा होतील. झाले उलटेच. लांब शब्द तिला येत होते. खुणा होत्या त्या लहानसहान शब्दांवर. 'फ्यू' आणि 'अ फ्यू' यांत ती घोटाळली. 'अ फ्यू' म्हणजे काही थोडे आहेत. 'फ्यू' म्हणजे जवळजवळ नाहीतच. एका 'अ'ने वाक्य फिरते. 'डिस्पाइट', 'व्हेअरॅज', 'हेन्स', 'फॉर्मर', 'लॅटर' हे शब्द ती नुसते ओलांडून जात होती. पण वाक्याची दिशा तेच ठरवतात. लोकलमध्ये इंडिकेटर न बघता चढावे आणि कल्याणऐवजी पनवेलची गाडी निघावी, तसे तिचे होत होते.

दुसरी खूण होती 'अकाउंट' या शब्दावर. बी.कॉम. झालेल्या माणसाला अकाउंट शिकवायचे काय? आम्ही छातीठोकपणे सांगितले, "खाते. हिशेब." तिने वाक्य वाचले. त्यात चहा देशाच्या निम्म्या निर्यातीला 'अकाउंट्स फॉर' असे लिहिले होते. चहा कसला हिशेब देणार? आम्ही गप्प झालो. शब्दकोश काढला. 'अकाउंट फॉर' म्हणजे वाटा असणे; कुठे कारण सांगणे. 'ऑन अकाउंट ऑफ' म्हणजे च्यामुळे. 'टेक इंटू अकाउंट' म्हणजे विचारात घेणे. आणि नुसता 'अकाउंट' म्हणजे कधी वृत्तान्तही. वीस-बावीस वर्षे आम्ही ज्या शब्दावर पोट भरले, त्याची ही बाकीची घरे आम्हाला ठाऊकच नव्हती. 'इंटरेस्ट' म्हणजे व्याज, तसेच रस आणि हितसंबंधही. 'क्रेडिट' म्हणजे जमा किंवा उधारी, तसेच श्रेयही. 'सँक्शन'ची तर कमाल. आमच्या कचेरीत सँक्शन म्हणजे मंजुरी; आणि एक देश दुसऱ्या देशावर सँक्शन घालतो तेव्हा ते निर्बंध असतात. आम्ही मंजुरी सांगितली म्हणून तिने एका सरावाच्या उताऱ्याचा सगळा अर्थ उलटा लावला होता. वहीत तो अर्थ आमच्याच अक्षरात होता.

यात नवल काही नाही. आपल्या मराठीतले 'लागणे' घ्या. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, आग लागते, डोळा लागतो, प्रवासाला दोन तास लागतात. मराठी शिकणाऱ्या परक्या माणसाने 'लागणे' म्हणजे 'स्पर्श होणे' एवढेच पाठ केले तर त्याची काय अवस्था होईल? 'उतारा' हाच शब्द पाहा. तलाठ्याकडून मिळतो तो सातबाराचा उतारा, विषावर घेतात तो उतारा, आणि परीक्षेत येतो तोही उतारा. शब्द एकटा असतो तेव्हा मुका असतो. आजूबाजूला माणसे आली की बोलायला लागतो.

असे असले तरी कारकुनी अगदीच वाया गेली नाही. एके रात्री तिने सहज विचारले, "पप्पा, सबसिक्वेंट म्हणजे?" आम्ही भाजी निवडत होतो. तोंडातून आपोआप निघाले, "तदनंतरचा." मग तिने विचारले, 'सफिशियंट?' पुरेसा. 'इम्प्लिमेंट?' अंमलबजावणी करणे. 'ॲलोकेट?' वाटप करणे, नेमून देणे. 'सबमिट?' सादर करणे. ती चकित झाली. हे शब्द बोलण्यात येत नाहीत, सिनेमात येत नाहीत, मित्रमैत्रिणींच्या मोबाईलवरच्या गप्पांत येत नाहीत. ते येतात फायलीत आणि ग्रंथात. थोरलीला बोलायचे इंग्रजी आमच्या दसपट येते. पण हे कागदावरचे इंग्रजी आम्हाला अधिक परिचयाचे होते, फक्त ते आपल्याला येते हे आम्हाला माहीत नव्हते.

याच शब्दांची एक नेमकी यादी आहे, हे तिनेच शोधून काढले. न्यूझीलंडमधील वेलिंग्टनच्या व्हिक्टोरिया विद्यापीठातील ॲव्हरिल कॉक्सहेड या बाईंनी सुमारे ३५ लाख शब्दांचे शैक्षणिक लेखन तपासले. कला, वाणिज्य, कायदा आणि विज्ञान या चारही शाखांत जे शब्द पुन्हा पुन्हा येतात ते त्यांनी वेगळे काढले. अगदी रोजच्या वापरातले दोन हजार शब्द आधीच बाजूला ठेवले होते. उरलेल्यांतून ५७० शब्दकुळे निघाली. ही यादी २००० साली प्रसिद्ध झाली. शैक्षणिक लेखनातील दर १०० शब्दांत सुमारे १० शब्द या कुळांतले असतात. यादीचे दहा भाग आहेत आणि सर्वांत जास्त येणारे शब्द पहिल्या भागात आहेत.

म्हणजे हिशेब असा. आम्ही पाठ करून घेतले तीन हजार शब्द, तेही एका क्लासच्या जुन्या चोपडीतून. त्यांत कधीमधी भेटणारे, दिसायला भारी शब्दच फार. आणि जे पानोपानी भेटतात ते ५७० शब्द पक्के केलेच नाहीत. घरात रोज लागणारे मीठमिरची न भरता लग्नाच्या पंगतीचा मसाला भरून ठेवावा, तसे हे झाले.

यादी मिळाली तरी ती पुन्हा पाठ करायची नाही, असे या वेळी आम्ही ठरवले. नवी वही केली. प्रत्येक शब्दाला अर्धे पान. वर शब्द, खाली त्याचे कूळ, म्हणजे 'ॲनालाइज', 'ॲनालिसिस', 'ॲनालिस्ट', 'ॲनालिटिकल' अशी सगळी भावंडे स्पेलिंगसह, मग तो शब्द जिथे भेटला ते पूर्ण वाक्य, आणि शेवटी त्या वाक्याचा मराठीत अर्थ. नुसत्या शब्दाचा अर्थ लिहायचा नाही, अशी शपथच घातली. दिवसाला वीसऐवजी सहाच शब्द. पण तेच सहा दुसऱ्या दिवशी, मग चार दिवसांनी, मग पंधरवड्याने, मग महिन्याने पुन्हा उघडायचे. विसरायला लागलो की तेवढ्यात भेटलेला शब्द पक्का राहतो, हा आमचा अनुभव.

शब्दांच्या जोडणीकडेही लक्ष दिले. मराठीत 'उप' लागला की नगराचे उपनगर होते. इंग्रजीत 'सब' लागतो आणि 'सबर्ब' होते. आमची रोजची सबर्बन लोकल त्यातलीच. 'इंटर' म्हणजे आंतर, 'प्री' म्हणजे पूर्व, 'री' म्हणजे पुन्हा. याचा फार उपयोग होतो. मात्र आंधळेपणाने नाही. 'इन' लागला की नकार, असे धरून तिने 'इनव्हॅल्युएबल' म्हणजे कवडीमोल असे लिहिले. खरा अर्थ नेमका उलट, अनमोल.

आता सांगायचे ते तिच्या आईविषयी. तिचे शिक्षण सातवीपर्यंत. घरी शिवणयंत्रावर ब्लाउज शिवते. पहिल्या सहा महिन्यांत ती या अभ्यासापासून लांब होती. आम्ही दोघे इंग्रजीत खाली माना घालून बसलो की ती आवाज न करता भांडी घासायची. नव्या वहीच्या वेळी एके दिवशी तीच म्हणाली, "तुम्ही तिला अर्थ विचारता आणि वहीत बघून बरोबर म्हणता. मला वहीतलं कळत नाही. तिनं मला समजावून सांगू द्या. मला समजलं तर तिला समजलं."

आम्ही आयुष्यात अनेक शिबिरे घेतली, भाषणे केली. पण इतकी साधी परीक्षा आम्हाला सुचली नव्हती. त्या दिवसापासून रोज रात्री जेवणानंतर थोरलीने इंग्रजी उताऱ्यातला एक परिच्छेद आईला मराठीत सांगायचा, असा नेम झाला. शब्दाला शब्द लावून चालायचे नाही. आईला पटले पाहिजे. आई शिवणयंत्र थांबवून ऐके आणि मध्येच विचारी, "पण मग आधी असं म्हणाला, आता उलटं का म्हणतोय?" नेमके तिथे एखादा 'हाउएव्हर' नाही तर 'ऑलदो' निसटलेला असे. इंग्रजी न येणारी बाई इंग्रजी उताऱ्यातली चूक धरू लागली! मधमाश्या, काच कशी तयार होते, जुन्या शहरांतली गटारे, असे कितीतरी विषय त्या चार महिन्यांत आमच्या स्वयंपाकघरात येऊन गेले.

एक प्रश्नप्रकार मात्र तिला फार छळत होता. एक विधान देतात आणि ते उताऱ्यानुसार 'ट्रू', 'फॉल्स' की 'नॉट गिव्हन' हे लिहायचे. खरे-खोटे समजते, पण 'दिलेले नाही' हा काय प्रकार? इथे मात्र कारकून कामाला आला. आम्ही तिला सांगितले, आमच्याकडे एखादा माणूस येतो आणि म्हणतो, मी अर्ज दिला होता. आम्ही आवक रजिस्टर पाहतो. रजिस्टरात नोंद असेल तर अर्ज आला. 'अर्ज परत केला' असा शेरा असेल तर त्याचे 'अर्ज तुमच्याकडेच आहे' हे म्हणणे चूक. आणि काहीच नोंद नसेल तर? तर अर्ज दिला असेल किंवा नसेलही. आम्ही एवढेच लिहितो, 'नोंद आढळत नाही'. नॉट गिव्हन म्हणजे नोंद आढळत नाही.

मग आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेवर उदाहरण केले. उताऱ्यात लिहिले आहे, 'अभ्यासिका सकाळी सात ते रात्री दहा उघडी असते.' विधान पहिले: अभ्यासिका सकाळी नऊला उघडते. हे फॉल्स, कारण उतारा सात म्हणतो. विधान दुसरे: मुली रात्री उशिरापर्यंत तिथे अभ्यास करतात. थोरली लगेच म्हणाली, "ट्रू. मीच बसत होते." आम्ही म्हणालो, "तुला माहीत आहे. उताऱ्याला माहीत नाही." ती थांबली, आणि मग हसली. निकालानंतर पहिल्यांदाच ती मोकळी हसली. तिचे बरेच गुण इथेच जात होते. आपल्याला माहीत असलेले ती उताऱ्याच्या तोंडी घालत होती. समोरचा काय म्हणाला आणि आपण काय धरून चाललो, यात फरक करणे परीक्षेपुरतेच उपयोगी आहे असे नाही. सभा-बैठकांतली निम्मी भांडणे याच एका चुकीने होतात, हे कार्यकर्त्याच्या अनुभवाने आम्ही सांगू शकतो.

वेळेचा सराव लोकलमध्ये झाला. आमची जलद गाडी कल्याणहून तासाभरात सीएसएमटीला पोहोचते, आणि परीक्षाही तासाचीच. उताऱ्यांच्या झेरॉक्स प्रती दोन काढायच्या; ती महिलांच्या डब्यात, आम्ही पुरुषांच्या. कल्याण ते ठाणे पहिला उतारा, ठाणे ते दादर दुसरा, दादरपासून पुढे तिसरा. बसायला मिळेलच असे नाही. खांबाला टेकून वाचायचे. फलाटावर उतरलो की उत्तरे ताडून पाहायची. त्यात एक धडा मिळाला. तिसरा उतारा बहुधा सर्वांत कठीण असतो आणि दादर ते सीएसएमटी अंतर सर्वांत थोडे. म्हणून पहिला उतारा ठाण्याच्या आधीच संपला पाहिजे. अडलेल्या एका प्रश्नापायी गाडी सोडायची नाही. खूण करून पुढे जायचे. तिचे ४० पैकी बरोबर येणारे प्रश्न २० वरून हळूहळू २७-२८ वर आले. आमचे ११ वरून १९ वर आले, हेही येथे नमूद करतो.

अनोळखी शब्दाला घाबरू नये, हेही गाडीतच शिकलो. न अडता वाचायचे तर पानातल्या १०० पैकी सुमारे ९८ शब्द ओळखीचे हवेत, असे न्यूझीलंडचेच अभ्यासक पॉल नेशन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासातून दिसले आहे. म्हणून सुरुवात सोप्या लेखांपासून करावी. अभ्यासिकेत येणारे इंग्रजी वर्तमानपत्र, त्यातले विज्ञान-आरोग्याचे पान, रोज वीस मिनिटे शब्दकोशाशिवाय. संपल्यावर फक्त दोनदा-तीनदा भेटलेलेच शब्द वहीत घ्यायचे. एकदाच भेटलेल्याला नमस्कार करून सोडून द्यावे.

या काळात आम्हाला बाबासाहेबांचे चरित्र फिरून आठवत होते. १९१३ साली ते कोलंबिया विद्यापीठात गेले, हे आपण मुलांना अभिमानाने सांगतो. पण त्याच्या आधीची गोष्ट कमी सांगतो. वडील सुभेदार रामजी लष्करी शाळेत शिक्षक होते. त्यांनी भीमरावांकडून तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेची पुस्तके घरी करून घेतली. भाषांतर पाठमाला म्हणजे काय? मराठी वाक्याचे इंग्रजी करा, इंग्रजी वाक्याचे मराठी करा. म्हणजे शब्दांची घोकंपट्टी नव्हे, वाक्यांची देवघेव. जी गोष्ट सुभेदारांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी केली, ती आमच्या घरात शिवणयंत्रावर बसलेल्या एका माउलीला आपणहून सुचली. आणि आम्ही पदवीधर मात्र तीन वह्या भरत बसलो होतो.

२०२५ च्या फेब्रुवारीत थोरलीने पुन्हा परीक्षा दिली. एकाच भागाची परीक्षा पुन्हा देण्याची सोय आता आहे. संगणकावर परीक्षा दिली असेल तर पहिल्या परीक्षेपासून ६० दिवसांच्या आत ती देता येते. पण सगळीच विद्यापीठे ती मानत नाहीत, आणि तिच्या विद्यापीठाला एकाच बैठकीतले गुण हवे होते. म्हणून सगळी परीक्षा नव्याने दिली. आधी विद्यापीठाला विचारावे, मग पैसे भरावेत, एवढे वाचकांनी ध्यानात ठेवावे. या गुणपत्रिकेची मुदत दोन वर्षांची असते, तेव्हा घाईही करू नये.

या वेळी वाचनात साडेसहा आले. डोळे दिपवणारा आकडा नाही; पण दार उघडायला पुरेसा. प्रवेशपत्र आले त्या दिवशी ती ते घेऊन आधी आईकडे गेली आणि एकेक वाक्य मराठीत सांगू लागली. एका ओळीत 'सब्जेक्ट टू' असे होते. हा शब्द आम्ही कचेरीच्या पत्रांत हजारदा टाइप केला असेल, 'सब्जेक्ट टू सँक्शन' म्हणून, नमुन्यात आहे म्हणून. थोरली आईला म्हणाली, "म्हणजे आई, ही अट पुरी झाली तरच, नाही तर नाही." आई म्हणाली, "समजलं." आणि खरे सांगायचे तर त्या क्षणी आम्हालाही समजले.

त्या रात्री आम्ही थोरलीला म्हणालो, "त्या तीन वह्यांबद्दल आम्हाला माफ कर." ती म्हणाली, "पप्पा, तुम्ही रोज रात्री माझ्यासोबत बसलात, ते काही वाया गेलं नाही. पद्धत तेवढी चुकली." लेकीने आमची लाज राखली.

जुन्या तीन वह्या आम्ही रद्दीत घातल्या. नवी वही अभ्यासिकेत ठेवली आहे. सध्या तीन मुली आणि एक मुलगा ती वापरतात, आणि आपापली वाक्ये तिच्यात घालतात. रविवारी दुपारी आम्ही तिथे बसतो. सोबत थोरलीची आईही येते. कुणी परिच्छेद वाचला की ती म्हणते, "आता मला सांग." वस्तीतल्या दोन आया आता तिच्या शेजारी येऊन बसू लागल्या आहेत.

बंधूभगिनींनो, आपल्या मुलाला इंग्रजी शिकवायचे म्हणजे आपल्याला इंग्रजी आलेच पाहिजे असे नाही. आपल्याला येत नाही म्हणून लांब बसू नका, आणि आपल्याला थोडे येते म्हणून त्याच्या मानेवरही बसू नका. रात्री अर्धा तास त्याच्याजवळ बसा आणि एवढेच म्हणा, "तू काय वाचलंस, ते मला सांग." त्याने आपल्याला समजेल असे सांगितले, तर समजा, उतारा पार झाला.